बांधाला दोन भोकं होती

जळती गोवरी त्या भोकात मी कोंबली. हे आधीच सांगून टाकते. ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना मी सांगून बघितलं, त्यांनी हसण्यावारी नेलं. आता लिहून तरी ठेवते, मग कुणाला हसायचं ते हसा.

माझं माहेर मुदखेडचं. वडील रेल्वेत होते, आम्ही भावंडं क्वार्टरमध्ये वाढलो. शेत म्हणजे गाडीच्या खिडकीतून दिसतं ते, एवढीच माझी समज. लग्न होऊन मी नांदेडला आले, तिथं माझा शिवणक्लास आहे. पण सासरचं मूळ गाव लातूर जिल्ह्यातलं, अहमदपूरपासून आठ-नऊ किलोमीटर आत. तिथं थोरले दीर आणि जाऊबाई शेती बघतात. आणि तिथं येळवस असते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडच्या माणसाला हे सांगितलं तर तो माझ्याकडं बघतच राहील, पण मला लग्नानंतर कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, म्हणून मी तरी सांगते. ऐन थंडीत, रानात ज्वारी-हरभरा उभा असताना, सगळं गाव घराला कुलपं लावून शेतात जातं. नुसतं गाव नाही, शहरंसुद्धा. दुकानदार, मास्तर, वकील, डॉक्टर, ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात आणि ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, म्हणजे लहानशी झोपडी, तिच्यावर शाल पांघरतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, ते पांडव. त्यांच्यापुढं भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-डाळींची एकत्र भाजी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील, म्हणजे ताकात घातलेलं ज्वारीचं पीठ. मग पुरुषमाणसं आंबील घेऊन सगळ्या शेताला फेरी मारतात, ती शिंपडत शिंपडत "ओलगे ओलगे" असं काहीतरी ओरडतात. त्याचा अर्थ मी किमान दहा जणांना विचारला. दहाही जणांनी वेगवेगळा सांगितला.

पहिल्या वर्षी मी जाऊबाईंना विचारलं होतं, "आक्का, पांडवांचा आपल्या ज्वारीशी काय संबंध?"

"असतंय तसं," त्या म्हणाल्या.

झालं. सव्वीस वर्षं आमचा संसार याच दोन वाक्यांवर चालला. मी विचारायचं, त्यांनी "असतंय तसं" म्हणायचं. मी तापट बाई. मला उत्तर लागतं, उत्तर नाही मिळालं तर भांडण तरी लागतं. या बाई ना उत्तर देत ना भांडत. मी तावातावानं काही बोलायला लागले की त्या उठून चुलीत लाकूड सारायच्या. लोकांना वाटायचं, थोरली किती सोशिक आणि धाकटी किती तोंडाळ. आणि माझं काही चुकलं की दीर म्हणणार, "मुदखेडची हाय, तिला काय कळतंय." सव्वीस वर्षं झाली, दोन पोरं झाली, पण मी अजून मुदखेडचीच.

गेल्या नव्हे, तिच्या आदल्या येळवशीची ही गोष्ट. माझा थोरला मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो येताना एक तंबू घेऊन आला. पिवळाधमक, मोबाइलवरून मागवलेला, चेन लावायचा. म्हणाला, "आई, औंदा आदल्या दिवशीच शेतात जायचं. दोन दिवस कॅम्पिंग करू."

मी म्हटलं, "अरे, तुझे पणजोबा कॅम्पिंगच करत होते की!" पण त्याची हौस. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच शेतात पोचलो. त्यानं बांधाच्या कडेला, कोपीपासून पंधरा-वीस पावलांवर, तंबू ठोकला. जाऊबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"ही पुण्याची कोप का रे बाबा?"

"हाव, मोठी आई."

"आन् पांडव कुठं बसवायचे ह्याच्यात?"

सगळे हसले. मीसुद्धा. आणि हसता हसता माझ्या कानावर काहीतरी बसलं.

गांधीलमाशी. तांबूस अंग, पोटावर पिवळा पट्टा, पाय लोंबते. एक नाही, पाच-सहा. कुणी गुळाच्या ढेपेवर, कुणी आंबिलाच्या मडक्याच्या काठावर, कुणी तंबूच्या पिवळ्या कापडावर. मी पदरानं झटकायला लागले तर पोरगं ओरडलं, "आई, हात हलवू नको, शांत उभी राहा." आता बोला! कानावर गांधीलमाशी बसलीय आणि म्हणे शांत उभी राहा.

मग ज्याचं त्याचं शहाणपण सुरू झालं. मुलानं मोबाइलवर वाचून सांगितलं, गोड झाकून ठेवा, भडक कपडे घालू नका, सुगंधी तेल लावू नका. मी नेमकी पिवळी साडी नेसले होते आणि डोक्याला मोगऱ्याचं तेल. आमचे हे म्हणाले, रॉकेल ओता. दीर म्हणाले, आता रॉकेल कुठं मिळतंय, धूर करा. शेजारच्या शेतातला एक जण बांधावरून जाता जाता म्हणाला, "काय करू नका, थंडी पडली की जातात." थंडी तर पडलीच होती, मी स्वेटर घालून बसले होते! कुणाचं ऐकायचं तेच मला कळेना.

जाऊबाईंनी मात्र कुणाला काही न विचारता एक पितळी ताटली घेतली. तिच्यात थोडी आंबील, गुळाचा खडा आणि खिरीतले दोन घास. ती त्यांनी बांधाच्या पलीकडं, दगडावर नेऊन ठेवली. येताना मला बांधातलं एक भोक दाखवलं. बांगडी जाईल एवढं. त्यातून गांधीलमाश्या आत-बाहेर करत होत्या.

"घर हाय त्येंचं," त्या म्हणाल्या. "वाटंला जाऊ नको."

"आणि ती ताटली?"

"त्येंच्या वाट्याचं."

गांधीलमाशीला नैवेद्य! मला हसावं की चिडावं समजेना. चावणाऱ्याला कुणी जेवायला वाढतं का? आता मागं वळून बघितलं की दिसतं, संध्याकाळपर्यंत बऱ्याच माश्या पलीकडं ताटलीवर गेल्या होत्या आणि आमच्या बाजूला जेमतेम दोन-चार उरल्या होत्या. पण तेव्हा मला हे दिसत असूनही मी मान्य करणार नव्हते. जाऊबाईंनी केलंय ना, मग ते येडेपणाच असणार.

दुसऱ्या दिवशी येळवस. सकाळी पूजा झाली. दीर म्हणाले, "अहमदपूरचे डॉक्टरसाहेब औंदा त्येंच्या शेतात आलेत, वढ्याच्या पलीकडं. परतताना जेवायला बोलवू." मग दीर, आमचे हे, माझा मुलगा आणि बाकीची सगळी आंबिलाचं मडकं घेऊन फेरीला निघाली. मुलगा म्हणाला, "आंबील अंगावर सांडते, सगळ्यांचे मोबाइल द्या इकडं." त्यानं सगळ्यांचे मोबाइल आणि गाडीची किल्ली गोळा करून तंबूत ठेवली. तंबूचं दार उघडंच टाकलं. कोपीपाशी मी आणि जाऊबाई दोघीच उरलो.

त्या वर्षी खीर मी केली होती. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. नाहीतर खिरीचं पातेलं जाऊबाई कुणाच्या हाती देत नव्हत्या. मी पहाटेपासून गहू शिजवून, गूळ, वेलदोडा, खोबरं, सगळं मापात टाकून केली होती. झाकण काढलं तर मधोमध एक गांधीलमाशी पडलेली, पाय वर करून.

मला असा संताप आला की काय सांगू. जाऊबाईंनी दोन बोटांनी ती माशी उचलली, बाहेर फेकली आणि म्हणाल्या, "असतंय तसं."

बस्स. तेवढंच कारण. जाऊबाई पलीकडची ताटली भरायला वाटीत आंबील घेऊन बांधाकडं गेल्या, आणि मी चुलीतली एक धगधगती गोवरी चिमट्यात धरली. त्या बांधाला वळसा घालून पलीकडं उतरल्या, म्हणजे मला दिसेनाशा झाल्या. मी अलीकडच्या बाजूनं गेले, गोवरी भोकात कोंबली आणि वर ओल्या मातीचं ढेकूळ दाबून बसवलं. चपलेनं ठोकून पक्कं केलं. मनात म्हटलं, घ्या आता नैवेद्य.

धूर आला नाही. मला वाटलं, छान, सगळा आतच राहिला. मग बांधाच्या पलीकडून एक निळसर रेघ वर जाताना दिसली. मला प्रश्न पडला, तिकडं चूल कुणी पेटवली? खरंच, देवाशपथ, माझ्या डोक्यात हाच प्रश्न आला. बांधाला दुसऱ्या बाजूनं पण भोक असू शकतं, हे माझ्या क्वार्टरमधल्या डोक्यात आलंच नाही.

मग आवाज आला. मोठी किंकाळी वगैरे नाही. नुसतं "अय्य", गरम भांड्याला हात लागल्यावर म्हणतो तसं. आणि त्यामागं घोंगावणं.

जाऊबाई पळाल्या नाहीत. पदर तोंडावर घेऊन, खाली वाकून, भराभर चालत कोपीकडं आल्या. माश्या त्यांच्यामागं थोड्या आल्या आणि मग सगळ्या त्या पिवळ्या तंबूवर तुटून पडल्या. उघड्या दारातून आत शिरल्या. बघता बघता तंबूच्या आत ढग झाला. मला मात्र एकही चावली नाही. गोवरी मी कोंबली, पिवळी साडी माझी, मोगऱ्याचं तेल माझं, आणि मला एकही नाही. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

त्यांना मानेवर, कानामागं, ओठावर, हातावर चावल्या होत्या. आठ, दहा, मी मोजल्या नाहीत. "इळा आण," त्या म्हणाल्या. आमच्याकडं गांधीलमाशी चावली की लोखंड घासतात. मुदखेडलाही घासतात, तेवढं एक मला येत होतं. मी विळ्याचं पातं उलटं धरून मानेवर घासलं. मग त्यांच्या चंचीतला चुना काढून लावला. मग कांदा फोडून चोळला. मग परत लोखंड. मी घासतेय, घासतेय, आणि त्या मला सांगतायत, "खिरीवर झाकण ठिव." माझ्या खिरीवर!

आणि मग त्यांचा आवाज बदलला. जाड झाला. "गळ्यात कायतरी बसल्यावानी होतंय," त्या म्हणाल्या. ओठ सुजायला लागले. हातावर, पोटावर लाल गांधी उठल्या. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तेव्हा मला कळलं की हे लोखंडाचं काम नाही. ही बाई मरू शकते. आणि मी मारलंय.

मी बांधावर चढून बोंबलले, "अहो, इकडं या! लवकर या!" शेताच्या पार दुसऱ्या टोकाला आमची माणसं. त्यांचं "ओलगे ओलगे" चाललेलं. त्यांनी माझा आवाज ऐकला, नाही असं नाही. मुलानं हात वर करून हलवला, आणि सगळ्यांनी मिळून मला उलट "ओलगे ओलगे" अशी आरोळी दिली. त्यांना वाटलं, औंदा मुदखेडची पण रंगात आली.

तंबूत मोबाइल होते, किल्ली होती. मी तंबूपर्यंत गेले. आत घोंगावत होतं, कापड थरथरत होतं. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मी भ्याले. हे लिहायला मला लाज वाटते, पण भ्याले.

मग एकच सुचलं, ओढ्यापलीकडचे डॉक्टर. जाऊबाईंना कोपीला टेकवून बसवलं. "आक्का, मी आलेच, तुम्ही बोलू नका," असं म्हटलं आणि ओढ्याकडं पळत सुटले. पन्नाशीला आलेली बाई, साडी वर खोचून, तुरीच्या ओळींतून. एक चप्पल तिथंच राहिली, दुसरी मी फेकून दिली.

ओढ्याच्या अलीकडं एक कोप होती. उदगीरच्या एका कापडदुकानदाराचं शेत, शिवभक्त घरातली माणसं, सगळ्यांच्या कपाळाला भस्म. पंगत बसलेली. मला बघून म्हातारे दुकानदार उठूनच उभे राहिले. "या बाई, या! सावकाश! पाणी आणा गं."

"डॉक्टर... डॉक्टरांचं शेत..."

"हे काय पलीकडं. जेवायला बोलवायला निघालात का? बसा, दोन घास खा, मग जावा."

"नाही हो! मला जायचंय!"

"येळवशीला शेतात आलेला माणूस बिनजेवता जात नसतो, बाई." आणि त्यांच्या सुनेनं माझ्या हातात उंडा ठेवलासुद्धा. बाजरीचा, गरम.

मी त्या देवमाणसाला म्हटलं, "तुमच्या उंड्याला आग लागो!" असंच म्हटलं. पंगत गार झाली. म्हातारे भांबावून माझ्याकडं बघायला लागले, मला रडू फुटलं आणि तोंडातून शब्दच फुटेना.

त्या पंगतीत पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. टेम्पो चालवतात, दुकानदारांचे जुने दोस्त, दरसाल त्यांच्या शेतात येतात. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मग ताटावरून उठले, हात झटकला. "अरे शेठ, ह्या जेवायला न्हाई आल्या. बघा की, पायात चप्पल न्हाई. घरात कुणाला तरी जास्त हाय." आणि मला म्हणाले, "चला भाभी, बसा गाडीवर." ओढ्यातून मोटारसायकल कशी घातली ते त्यांनाच ठाऊक. मी मागं बसले, एका हातात उंडा तसाच.

डॉक्टर बनियनवर, खांद्यावर टॉवेल, भज्जीत भाकर कुस्करत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि धापा टाकत हात पुढं केला. त्यांनी उंडा घेतला. प्रसाद म्हणून कपाळाला लावला आणि ताटात ठेवून म्हणाले, "बसा की, वहिनी."

"गांधीलमाशी," मी म्हटलं. "आमच्या आक्का. गळा सुजलाय. श्वास..."

ते हात न धुता उठले. पिशवी त्यांच्या गाडीतच होती. गाडी त्यांनी हरभऱ्याच्या कडेनं आणली, थोडा हरभरा तुडवला गेला. ते सगळं दोन-तीन मिनिटांचं अंतर असेल, पण मला वाटलं आपण लातूरला जाऊन परत आलो.

जाऊबाई कोपीला टेकलेल्या तशाच होत्या. डोळ्यांच्या फटी झालेल्या, ओठ ओळखू येईनात. डॉक्टरांनी बाटलीतलं पाणी हातावर ओतलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. मग दुसरं. मग त्यांचा हात धरून बसले आणि मला म्हणाले, "विळा कशाला पडलाय इथं? लोखंड घासत बसला होता ना? अजून थोडा वेळ घासलं असतं, तर मला बोलवायचं कामच नव्हतं." मी फक्त त्या शिट्टीकडं कान लावून होते. ती हळूहळू बारीक झाली. मग थांबली. मग साधा श्वास ऐकू आला. मी तिथंच मातीत बसले.

एवढ्यात फेरीची माणसं पळत आली. दीर, आमचे हे, मुलगा, सगळे एकदम बोलायला लागले. डॉक्टरांनी त्यांना गप्प केलं आणि विचारलं, "पोळं छेडलं कुणी?"

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. तेवढ्यात जाऊबाईंनी हात उचलला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. दोनदा थोपटला.

"डॉक्टरसाहेब, त्यांना छातीत भरून येतंय," मी ओरडले.

डॉक्टरांनी माझ्याकडं एकदा बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि "बरं, बरं," म्हणाले. गाडीत घालून त्यांना अहमदपूरला नेलं. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं आणि त्या धडधाकट घरी आल्या.

यानंतरचं मला अजिबात कळलं नाही. मला कुणी काहीच बोललं नाही. भज्जीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारे माझे दीर, अवाक्षर नाही. आमचे हे नाहीत, मुलगा नाही. भोकावर माझं ढेकूळ तसंच असणार, चपलेच्या ठशासकट, पण कुणी विषय काढला नाही. मी वाट बघत होते. रोज वाटायचं, आज फोन येईल, आज कुणीतरी विचारेल. वर्षभर मी क्लासमध्ये पोरींवर उगाच खेकसत होते. मध्ये दोनदा गावी जाऊन आले. दोन्ही वेळा सांगायचंच म्हणून गेले. "आक्का, त्या दिवशी..." म्हटलं की त्या म्हणायच्या, "झालं गेलं." मी स्वतःची समजूत घातली की यांना माहीतच नाही. त्या पलीकडं होत्या, त्यांना कसं कळणार?

मग गेली येळवस आली. तंबू नव्हता. डॉक्टरांना सहकुटुंब आमच्या शेतात जेवायला बोलावलं होतं, आणि त्या दाढीवाल्या चाचांनाही. पंगत बसली. जाऊबाई वाढत होत्या. डॉक्टरांनी आंबिलाचा पेला वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "काय वहिनी, औंदा पोळ्यात गोवरी नाही ना कोंबली?"

सगळी पंगत हसली. मी गारच पडले. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. जाऊबाईंकडं बघत होते.

"न्हाई बाबा," जाऊबाई म्हणाल्या. "कानाला खडा."

"आमची ही अशी शाणी," दीर म्हणाले. "आदल्या दिवशी सगळ्यांला सांगती वाटंला जाऊ नका, आन् दुसऱ्या दिवशी स्वतःच गोवरी घालती."

"गोवरी मी घातली," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. मी परत म्हटलं, या वेळी ओरडून. "गोवरी मी घातली होती! ढेकूळ पण मीच लावलं!"

आणि अशी हसली पंगत! दीर म्हणाले, "बघा बघा, जाऊ असावी तर अशी, दुसरीचं अंगावर घेती." चाचा म्हणाले, "माशाल्ला." डॉक्टर म्हणाले, "अहो, मी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतः छातीवर हात ठेवून सांगितलं की, मी म्हणून. बोलता येत नव्हतं तरी. मग दवाखान्यात गोवरीचंही त्यांनीच सांगितलं. तुम्हीच तर शेजारी होता." मी शपथा घातल्या, चिडले, रडकुंडीला आले. जितकी चिडले तितकी ती माणसं माझं कौतुक करायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात माझं कौतुक होत होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

पंगत उठल्यावर जाऊबाई कोपीमागं भांडी घासत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"का सांगितलंत असं?"

"असतंय तसं."

मी त्यांचं राखेनं भरलेलं मनगट धरलं. "आक्का, आज हे चालणार नाही. आज उत्तर पाहिजे."

त्या म्हणाल्या, "धूर बघितला तवाच कळलं मला. पण मला चावल्या होत्या. चावलेल्या बाईला कोण काय बोलतंय? तुला जलमभर बोलले असते. तसंच मुदखेडची मुदखेडची करत्यात. त्यात हे अजून कशाला."

"पण तुम्हाला श्वास येत नव्हता! तुम्ही मरत होता!"

"हाव की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर घाईनं सांगितलं. मी मेले असते तर तुला ह्या घरात कुणी उभं केलं नसतं. मंग कोण सांगणार होतं?"

मला काय वाटलं ते मला आजही धड सांगता येत नाही. राग आला. एवढा राग त्या बाईचा मला सव्वीस वर्षांत आला नव्हता. मला न विचारता हे असं कसं करू शकते कुणी? मी तिथंच राखेत बसून हमसाहमशी रडले. त्या माझ्या बाजूला बसून पातेलं घासत राहिल्या. रडून झाल्यावर मी म्हटलं, "परत असलं काही करायचं असलं, तर आधी मला विचारायचं."

"बरं."

"मला वचन द्या."

"बरं म्हणलं की," त्या म्हणाल्या, आणि पितळी ताटली धुऊन, तिच्यात आंबील आणि गुळाचा खडा घालून माझ्या हातात दिली. "जा. पलीकडं दगडावर ठिवून ये. आन् दोन्ही बाजू बघून जा."

मी ताटली घेतली, बांधाला वळसा घातला, दोन्ही बाजू बघितल्या आणि गेले.